पालथा टोप

आमच्या घरात कुणावर चटकन विश्वास ठेवणं हे बावळटपणाचं लक्षण मानलं जायचं. आई बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मासळीबाजारात जायची ती जणू चोर पकडायला. मासेवाला कितीही ओळखीचा असो, "अण्णा, स्वल्प कल्ला वर कर बघू," असं म्हणत ती स्वतःच बोट घालून कल्ला उचलायची. आतला लाल रंग बघायची, मग डोळा, मग पोट दाबायची. तो बिचारा शपथ घ्यायचा, अक्का, कालच समुद्रावरून बर्फात भरून निघालाय. आई म्हणायची, "शपथ घेतोस म्हणजे नक्की परवाचा."

आमचे पूर्वज कधीकाळी कुठल्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि बंगळूरचेच झाले. घरात मराठी राहिली, तीत कन्नड मिसळली, आणि समुद्र एवढ्या लांब असून माशाचं वेड काही गेलं नाही. आईचा संशयी स्वभाव मला मात्र व्याजासकट मिळाला. बहिणी म्हणायच्या, हिला स्थळ दाखवलं तर ही मुलाचाही कल्ला उचलून बघेल. मला त्याचा राग यायचा नाही. न बघता घेणाऱ्यांचं काय होतं ते मी आजूबाजूला पाहतच होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा या स्वभावाला साजेशी नोकरी मला मिळाली. हेब्बाळच्या तळ्याच्या अंगाला, जिथे तेव्हा संध्याकाळी म्हशी रस्त्यातून हलायच्या नाहीत, तिथे एका दुमजली घरात आमची लहानशी कंपनी होती. गच्चीवर उपग्रहाचे संदेश पकडणारी मोठी तबकडी, वरच्या मजल्यावर चार संगणक, आणि खाली साहेबांची खोली. साहेब हुशार होते, भले होते आणि अखंड उत्साहात असायचे. मला उत्साही माणसांचाही संशय येतो, पण साहेबांत खोट सापडत नव्हती.

काम असं होतं. मासेमारी होडीच्या केबिनच्या टपावर एक पांढरा, उलट्या वाडग्यासारखा डबा बसवायचा. तो डबा उपग्रहांकडून आपली जागा समजून घेणार, आणि दुसऱ्या उपग्रहामार्फत ती आम्हाला कळवणार. मग आमच्या पडद्यावर निळ्या समुद्रात त्या होडीचा ठिपका उमटणार. होडी संकटात सापडली तर कळावं, बंदी असलेल्या भागात शिरली तर तेही कळावं, असा सरकारी खात्याचा हेतू होता. चाचणीसाठी कारवारकडच्या एका बंदरातल्या मोजक्या होड्या निवडल्या होत्या. समुद्र मी तोवर शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला होता, आणि आता दिवसभर खुर्चीत बसून त्याच्यावर पाळत ठेवायचा मला पगार मिळू लागला.

पहिल्याच आठवड्यात मी हसं करून घेतलं. वारं होतं म्हणून सगळ्या होड्या बंदरात बांधून ठेवल्या होत्या, तसा फोनही आला होता. पण पडद्यावर त्या जागच्या जागी फिरत होत्या. एक तर जेटी ओलांडून जमिनीवर चढली आणि परत पाण्यात उतरली. मी जिन्यावरून धावत खाली गेले आणि साहेबांना सांगितलं, कुणीतरी होड्या हलवतंय, आणि बंदरवाले आपल्याशी खोटं बोलतायत. साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी समजावलं, की हे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. आपल्यासारख्या परक्यांना अगदी नेमकी जागा कळू नये म्हणून ते लोक मुद्दाम त्यात थोडी चूक मिसळून देतात. त्यामुळे स्थिर वस्तूसुद्धा पडद्यावर चुळबुळत राहते.

मला हे फार आवडलं. आकाशात एवढं महागडं यंत्र फिरवायचं, आणि वर जगाला म्हणायचं, घ्या, पण पूर्ण खरं देणार नाही. आई ऐकून म्हणाली, "सरी आहे, बरोबरच आहे. शहाणे दिसतायत." त्या दिवसापासून मी ठिपक्यांची चुळबुळ ओळखायला शिकले. बांधलेली होडी कशी चुळबुळते, नांगरलेली कशी, वाहत चाललेली कशी, हे मला बघताक्षणी कळू लागलं. वाहणारी होडी चुळबुळत चुळबुळत एका दिशेला सरकते. नांगरलेली होडी झोप न लागलेल्या माणसासारखी एकाच गादीवर कुशी बदलते.

ऑफिसात मराठी बोलणारं आणखी एकच माणूस होतं, निपाणीकडचा एक तंत्रज्ञ. होड्यांवर डबे बसवायचं काम त्याचं. दर खेपेला तो किनाऱ्यावरून थर्माकोलच्या खोक्यात मासे घेऊन यायचा आणि साहेबांना, मला, सगळ्यांना वाटायचा. एवढे मासे याला कोण देतं आणि कशाबद्दल, हा प्रश्न मी मनात कायम जागा ठेवला होता. मासे मात्र घेत होते.

तर त्या होड्यांतली एक होडी गप्प व्हायची. बाकीच्या नियमाने कळवायच्या. ही निघायची, नैर्ऋत्येकडे जायची, आणि एका टप्प्याच्या पुढे तिचा ठिपका करडा पडायचा. करडा म्हणजे डब्याकडून काही येत नाही. काही तासांनी ती त्याच बाजूने परत येताना पुन्हा उजळायची. एकदा झालं असतं तर बॅटरीचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. पण प्रत्येक खेपेला, साधारण त्याच जागी? निपाणीवाला म्हणाला, "वायर सैल असंल बघा." मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. वायर काय जागा बघून सैल होते?

साहेबांनी आवाज खाली आणून शब्द उच्चारला, स्मगलिंग. त्या वर्षांत किनाऱ्याबद्दल नाही नाही ते ऐकू यायचं, आणि मलाही तेच वाटत होतं. खात्याला कळवलं असतं तर त्या होडीच्या तांडेलाचा, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रमुखाचा, परवाना गेला असता. साहेब म्हणाले, आधी जाऊन बघून या. तांडेल मराठी शाळेत शिकलेला आहे, तुम्हीच बोला. मग मी आणि निपाणीवाला बसने किनाऱ्यावर गेलो.

तांडेल पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस होता. मला बघून तो नुसतं "ये बाय" म्हणाला आणि जाळ्याच्या ढिगावर जागा करून दिली. त्याची बायको मात्र तोंडाने तिखट होती. तिने माझ्या चपलांपासून केसांपर्यंत एक नजर टाकली आणि विचारलं, "तूच काय ती आमच्या घोवाच्या मागावर बसलेली?" घोव म्हणजे नवरा. मी कामाचं बोलायला लागले, तर ती आणखीच हसली.

निपाणीवाला टपावर चढून वायरी तपासू लागला. सगळ्या घट्ट होत्या. मीही चढले. डबा बसवताना पांढराशुभ्र होता, आता त्याच्या बुडाशी टपावर एक काळी गोल रेघ उमटली होती. मी त्यावर बोट फिरवून पाहिलं आणि वास घेतला. काजळी होती. चुलीवरच्या भांड्याची खूण ओळखायला मला काही इंजिनियर व्हावं लागलं नाही. रोज सकाळी आईच्या ओट्यावर तीच रेघ मी फडक्याने पुसत होते.

खाली उतरून मी तांडेलाच्या बायकोला विचारलं, "तुमच्या घरातलं एखादं मोठं भांडं हल्ली होडीवर असतं का?"

ती नवऱ्यावर उसळली. "बघ! सांगत होते की नाही? भाताचा माझा सगळ्यात मोठा टोप. पाहुणे आले की शेजारणीकडे मागायला जाते मी!"

पितळ उघडं पडल्यावर तांडेल चिडला नाही. सिगारेट पेटवून त्याने निपाणीवाल्याला चहा आणायला पाठवलं. तो लांब गेल्याची खात्री करून घेतली आणि मगच बोलला. तेवढ्यावरून मला माणूस आवडला.

समुद्राच्या पोटात एक खडप होतं. बुडालेला खडक. त्यावर जाळं टाकलं तर फाटतं, म्हणून ट्रॉलर तिकडे फिरकत नाहीत. पण गळ टाकणाऱ्याला तिथे तांबोशी मिळते, मोठी, लाल. ती जागा त्याच्या बापाने शोधली होती. किनाऱ्यावरच्या कुठल्या डोंगराच्या आड कुठलं झाड आलं की थांबायचं, ही खूण बापाने दोन मुलग्यांना सांगितली आणि बाकी कुणालाही नाही. त्यांतला मोठा आता नव्हता. तो वादळात गेला होता, होडीसकट. गावातल्या सगळ्या होड्या शोधायला निघाल्या, पण कुठे शोधायचं तेच कुणाला माहीत नव्हतं. त्याने जागा लपवली होती ना!

"म्हणून डबा घेतला," तांडेल म्हणाला. "हिने घ्यायला लावला. मी कुठे आहे ते कुणाला तरी कळायला हवं. पण खडप कळायला नको. मग जवळ आलो की डब्यावर टोप पालथा घालतो, डबा मुका होतो. निघालो की काढतो."

"आणि टोपाखाली असताना काही झालं तर?" त्याची बायको म्हणाली. ती हे पहिल्यांदा विचारत नव्हती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "थोरल्याची बायको माझ्याच घरात राहते. रोज तिचं तोंड बघते मी. मला तसं बसायचं नाहीये."

त्या खडपावर दोन चुली चालत होत्या, त्याची आणि भावजयीची. ते गेलं तर तांडेलाने कुणाच्या तरी ट्रॉलरवर नोकर म्हणून जायचं. म्हणजे टोप काढला तर खडप जाणार, आणि घातला तर कधीतरी तो स्वतः. नवरा-बायको माझ्याकडे बघत होते. मी शहरातून आलेली, डब्याच्या बाजूची. मी जे जाणत होते तेच त्यांना सांगितलं. ठिपके फक्त आमच्या वरच्या खोलीत दिसतात. मी, निपाणीवाला आणि साहेब, याखेरीज ते कुणी बघत नाही. खात्याला फक्त बंदी मोडली तर कळवायचं असतं, आणि खडप बंदीच्या भागात नाही. "टोप घालू नका," मी म्हटलं. "ती जागा आमच्या खोलीबाहेर जाणार नाही."

तांडेलाने सिगारेट विझवली. त्याची बायको माझ्या तोंडाकडे तशीच बघत होती, जशी माझी आई माशाकडे बघते. शेवटी ती उठली, होडीत गेली आणि टोप काखोटीला मारून घेऊन आली. "शब्द दिलायस हां, बाय," म्हणाली. आम्हाला जेवल्याशिवाय तिने सोडलं नाही. भात त्याच टोपातला होता.

परत येऊन मी साहेबांना सांगितलं की पत्रा आड येत होता, काढलाय. ते खूश झाले. त्यानंतर तो ठिपका नैर्ऋत्येला जायचा, एका जागी थांबून चुळबुळायचा आणि संध्याकाळी परत फिरायचा. मी इतरांपेक्षा त्याच्याकडे जास्त बघायचे. कधी कधी बायकोचा बंदरावरच्या बूथमधून फोन यायचा. "दिसतो काय गो?" एवढंच विचारायची. दिसतो म्हटलं की फोन ठेवायची.

गौरी झाल्या, दसरा झाला. दिवाळीच्या आसपास एका रविवारी आईबरोबर मासळीबाजारात गेले आणि दारातच थबकले. जिकडे बघावं तिकडे तांबोशी. फळ्यांवर, टोपल्यांत, बर्फाच्या लाद्यांवर, हाताएवढ्या लाल तांबोश्या रचून ठेवलेल्या. एरवी एखाददुसरी यायची आणि ती हॉटेलवाले उचलून न्यायचे. आई हरखून गेली. "कल्ला बघ, किती लाल! आणि मागतोय किती कमी! काहीतरी गोम आहे यात." ती भाव करत होती आणि मी टोपल्या मोजत होते. मी मासेवाल्याला विचारलं, कुठून आल्या एवढ्या? तो म्हणाला, कारवारकडून. पूर्वी नव्हत्या, आता खोकीच्या खोकी येतायत. नवी जागा सापडली म्हणे कुणाला तरी.

सोमवारी मी सगळ्यांआधी ऑफिसात पोचले. तांडेलाचा ठिपका समुद्रात होता, पण खडपावर थांबला नव्हता. तो तिथे गेला, जरा घुटमळला आणि पुढे निघाला. दिवसभर तो इकडून तिकडे भटकत राहिला, किल्ली हरवलेल्या माणसासारखा. आमच्या पडद्यावर खडपाच्या आसपास दुसरं कुणीच नव्हतं. असणार कसं? डबा ज्याच्याकडे आहे तोच आम्हाला दिसतो. बाकीच्या गळवाल्यांनी तिथे गर्दी केली असेल, एकमेकांच्या दोऱ्या गुंतवल्या असतील, पण उपग्रहाच्या हिशेबी समुद्र अगदी रिकामा होता.

कुणी सांगितलं असेल, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. थर्माकोलची ती खोकी माझ्या डोळ्यांपुढे रांगेने उभी राहिली. निपाणीवाला आला तशी मी त्याला गच्चीवर घेऊन गेले आणि तबकडीच्या सावलीत उभं करून तोंडाला येईल ते बोलले. किती माशांना विकलंस ते खडप, असंही बोलले. तो लाल झाला, मग पांढरा पडला.

"मी कशाला विकू?" तो म्हणाला. "साहेबांनीच दाखवलं की. सगळ्यांना. फुकट."

मग कळलं. गौरीसाठी मी सुट्टीवर असताना किनाऱ्यावरून होडीमालकांचं एक मंडळ ऑफिसात आलं होतं. त्यांनी डबे घ्यावेत म्हणून साहेबांनी खालच्या खोलीत पडदे ओढून प्रोजेक्टर लावला. नमुना म्हणून तांडेलाच्या होडीचे महिनाभराचे मार्ग भिंतीवर मोठे करून दाखवले, कारण त्यातल्या रेघा सगळ्यांत सुबक होत्या. प्रत्येक खेपेची रेघ एकाच जागी येऊन थांबत होती. साहेबांनी हातातली काठी त्या जागेवर टेकवून सांगितलं, बघा, दर वेळी बरोबर याच जागी, किती अचूक! बाजूला अक्षांश-रेखांश ठळक छापलेले. "मी प्रोजेक्टर धरून उभा होतो," निपाणीवाला म्हणाला. "मलाबी काय कळलं नाही वो. पण ते लोक एकदम गप झाले होते. कापी पण कुणी पिली नाही. तशीच गार झाली."

मी खाली गेले. साहेबांना खरोखरच काही समजेना. ते म्हणाले, अहो, एवढा मोठा समुद्र, त्यात एक ठिपका. ठिपक्यात काय असतं? त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. तो असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. लबाडाशी भांडता येतं. बंगळूरच्या आम्हा लोकांना समुद्र म्हणजे निळा कागद. त्या कागदावर कुणाचं घर आहे हे आम्हाला दिसतच नव्हतं. मी आयुष्यभर प्रत्येकाचा संशय घेत आले, आणि घात केला तो ज्याच्यात काडीचीही खोट नव्हती अशा माणसाने. त्याचा मला जो राग आला तो आजही गेलेला नाही.

निपाणीवाल्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या वो." पण पुढे किनाऱ्यावरून मासे आणायचं त्याने बंद केलं.

दोन दिवसांनी बंदरावरून फोन आला. या वेळी "दिसतो काय गो" नव्हतं. तांडेलाची बायको अगदी सावकाश बोलली. "तुझ्या शब्दावर मी टोप परत घेतला होता, बाय. आज सकाळी माझ्या हाताने होडीत ठेवून आले." मी काहीतरी सांगायला गेले, साहेब, प्रोजेक्टर, सुट्टी. सगळं खरंच होतं, पण माझं मलाच ते कल्ला तपकिरी पडलेल्या माशासारखं वाटलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

ठिपका पुन्हा करडा पडू लागला. आता तो नैर्ऋत्येला जात नव्हता. पूर्वीपेक्षा बराच दूर, जवळजवळ पश्चिमेला जायचा आणि नाहीसा व्हायचा. नवी जागा शोधत असावा, किंवा सापडली असावी. मला सांगायचं काही कारण त्याला उरलं नव्हतं. साहेब म्हणाले, पत्रा परत आडवा आला वाटतं. मी म्हटलं, हो.

थंडीच्या तोंडाशी समुद्रात अवेळी वादळ उठलं. सकाळी बंदरावर धोक्याचा बावटा चढला, बाहेर गेलेल्या होड्या पटापट परतू लागल्या. पडद्यावर एकेक ठिपका बंदराला येऊन टेकत होता. तांडेलाचा तेवढा राहिला. आदल्या दिवशी पश्चिमेला तो करडा पडला होता, तो करडाच.

दुपारी फोन आला. तीच होती. म्हणाली, "दिसतो काय?" मी म्हटलं, "नाही." एवढा कडू शब्द मी कधी उच्चारला नव्हता. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बूथवाला मागे काहीतरी ओरडत होता, आणि आम्ही दोघी दोन टोकांना नुसता फोन कानाला लावून बसलो होतो. मी मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत होते. काढ तो टोप. खड्ड्यात गेलं खडप. काढ.

आणि ठिपका उजळला. मी किंचाळले असणार, कारण साहेब धावत वर आले. पश्चिमेला, किनाऱ्यापासून फार लांब, लाल ठिपका. "दिसला!" मी फोनमध्ये ओरडले, आणि पलीकडून जो हुंदका आला तो साहेबांनाही ऐकू गेला. होड्या बाहेर काढण्यासारखं पाणी नव्हतं, पण खात्याची मोठी लाँच जाऊ शकत होती. मी बंदराच्या अधिकाऱ्याला अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, पुन्हा वाचले, त्याच्याकडून म्हणवून घेतले. लाँच पोचेपर्यंत मी पडद्यावरून नजर हलवली नाही. अंधार पडता पडता त्यांनी होडी दोरखंडाने ओढत आणली. सगळे सुखरूप होते.

दुसऱ्या दिवशी तांडेलाचाच फोन आला. आवाज बसला होता. इंजिन बंद पडलं होतं म्हणाला. उपकार झाले म्हणाला. मी विचारू नये ते विचारलं, "नवीन खडप का?"

तो म्हणाला, "नाही गो, बाय. कसलं खडप! वाहत वाहत गेलो. कुठे होतो मलाच ठाऊक नाही."

मी "बरं" म्हटलं. सबंध दुपार मी तो ठिपका पाहिला होता. तो एका बाजूला सरकला नव्हता. एकाच गादीवर कुशी बदलत होता. नांगर टाकलेला होता, आणि एवढ्या खोल, एवढ्या लांब समुद्रात छोट्या होडीचा नांगर रुतेल असं खाली काहीतरी होतं. त्याला ती जागा पुरती ठाऊक होती. टोप काढताना आपण काय देऊन टाकतोय हेही ठाऊक होतं. लाँचवाल्यांना माशाचं काही सोयरसुतक नव्हतं, त्यांच्या लेखी ते नुसतं खवळलेलं पाणी होतं. जाणणारी मी एकटी, आणि म्हणून तो माझ्याशी खोटं बोलला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. शहाणा झाला होता.

साहेब तर हर्षाने वेडे झाले होते. ते म्हणाले, याच्यासारखं प्रात्यक्षिक नाही. पुढच्या आठवड्यात मंडळ परत येतंय. ह्या सुटकेचं मोठं चित्र करा, होडीचा मार्ग, वादळ, ठिपका उजळला ती जागा, सगळं ठळक. ह्या डब्याने जीव वाचवला हे त्यांना दिसू दे. त्यात चुकीचं काही नव्हतं. जीव वाचलाच होता.

मी चित्र केलं. फार मन लावून केलं, रंगसुद्धा स्वतः निवडले. मार्ग काढला तो वाहत चाललेल्या होडीचा, चुळबुळत चुळबुळत एका दिशेला सरकणारा, कारण होडी वाहत गेली होती असं तांडेल म्हणाला होता. आणि ठिपका जिथे उजळला ती जागा मी खऱ्या जागेपासून चांगली लांब नेऊन ठेवली, जिथे खाली चिखलाशिवाय काही नाही. बाजूला त्या चिखलाचे अक्षांश-रेखांश ठळक छापले. उपग्रहवाल्यांना जे जमतं ते मला का जमू नये? मूळ नोंदीही तशाच करून टाकल्या.

त्या दिवशी मी सुट्टी घेतली नाही. खोलीत मागे भिंतीला टेकून उभी राहिले. साहेबांनी काठी टेकवली, म्हणाले, बघा, बरोबर याच जागी! मालक लोक पुन्हा गप्प झाले, पुन्हा कुणी कॉफीला हात लावला नाही. त्यातल्या दोघांनी आकडे तळहातावर उतरवून घेतले. मी ते बघितलं आणि आपला पेला उचलला.

ही गोष्ट मी तांडेलाला कधी सांगितली नाही. सांगितली असती तरी त्याने विश्वास ठेवला नसता, आणि ठेवूही नये. चाचणी संपेपर्यंत तो टोप घालतच राहिला, आणि ठिपका करडा पडला की मी साहेबांना पत्र्याचं कारण देत राहिले. त्याच्या बायकोचा फोन पुन्हा आला नाही. तरी मी दर संध्याकाळी तो ठिपका उजळेपर्यंत खुर्चीतून उठत नसे. मग शिवाजीनगरची बस धरून घरी जायचे. आई विचारायची, आज उशीर का गे? मी म्हणायचे, काम होतं.